पहिला घास

सुदामा नगर, इंदूर
१७ मे २०२६

चि. नचिकेत,

माझे फोन तू घेत नाहीस आणि मेसेज तुझ्यापर्यंत पोचतच नाहीत, असं शेजारच्या प्रियंकाने माझा मोबाइल बघून सांगितलं. म्हणून हे कुरिअरने पाठवते आहे. बंगलोरचा पत्ता तोच आहे असं धरून चालले आहे. वाचायचं नसेल तर फाडू नकोस, ठेवून दे.

आज अधिक महिना लागला. मागच्या अधिकात तू मला शेवटचं लिहिलं होतंस. ते वाक्य मी इथे परत लिहीत नाही. घरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेला फोटो तू पाहिला होतास. सुजय पाटावर बसलेला, शेजारी त्याची नवी बायको ऋजुता, पुढ्यात माझ्या हातच्या अनारशांचं ताट, आणि मागे मी उभी, हसणारी. ज्याने तुझ्या ताईला, संहिताला, इंदूरजवळच्या राऊ गावातल्या फ्लॅटच्या गॅलरीतून खाली ढकललं, त्याला मी जावई म्हणून अधिकाचं वाण देत होते. तुला जे वाटलं ते कुणालाही वाटलं असतं. मी उत्तर दिलं नाही, कारण खरं उत्तर तुला देण्यासारखं नव्हतं.

आता देते.

कोर्टाने त्याला सोडलं त्या दिवशी व्हरांड्यात आपल्या वकिलांनी सांगितलं होतं, की यापुढे त्याच्याबद्दल बाहेर एक शब्द बोलू नका, तो उलट बदनामीचा दावा लावेल. तूही तेच म्हणालास. मी ते पाळलं. मला सांगितलेलं मी पाळते, तुला माहीत आहे.

त्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा सुजयची आई पत्रिका घेऊन आली. सोफ्याच्या कडेवर बसली. म्हणाली, बिजवराच्या घरात येणारी मुलगी पहिलीचं माहेर आपलं मानते, ही आपल्यातली जुनी रीत आहे. ऋजुताला आई नाही, देवासला मामाकडे वाढली आहे. तुम्ही मांडवात बसलात तर पोरीला आई मिळेल आणि आमच्यावरचं किटाळही जाईल. किटाळ हा तिचाच शब्द. मी चहा केला आणि येते म्हणाले.

सगळ्यांना वाटलं, सुहासिनीने माफ केलं. भजनी मंडळातल्या एकीने तर माझे पाय धरले. म्हणाली, आम्हाला नाही जमणार हो ताई, तुमचं मन मोठं. मी पाय मागे घेतले.

मी गेले ती मुलीला बघायला. ऋजुता मोठ्याने हसते आणि हसताना तोंडावर हात ठेवत नाही. मांडवात माझ्या पाया पडली आणि उठताना कानात म्हणाली, "आई, ही साडी सुटतेय बहुतेक, जरा बघता का?" मी निऱ्या खोचून दिल्या. तेव्हा ठरवलं, की हिला काही होऊ द्यायचं नाही.

त्याच वर्षी अधिक श्रावण आला. मी तेहतीस अनारसे तळले, राजवाड्याच्या मागच्या दुकानातून नवं ताट आणलं आणि राऊला गेले. घर भरलेलं होतं. मी स्वयंपाकघरात ताट लावत होते. सुजय पाणी प्यायला आत आला. आम्ही दोघंच होतो.

मी म्हटलं, "सुजयराव, संहिताचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. मी आता कोर्टात जाणार नाही. पण ऋजुताच्या अंगाला हात लागला, तर तुम्ही माझ्या हातचं खाऊन मराल. आज, दिवाळीला की संक्रांतीला, ते सांगणार नाही. मी इतकी वर्षं शाळेत केमिस्ट्री शिकवली आहे."

तो हसला. घाबरला की तो हिंदीत जातो, हे मला त्या दिवशी कळलं. "आईजी, आप भी ना. जेल जाओगी इस उमर में?"

"पुरावा नसला की काही घडलेलंच नसतं. हे तुमच्या वकिलांनीच मला शिकवलं."

त्याचं हसणं गेलं. मला वाटलं, तो म्हणेल मी काही केलं नाही. निदान तेवढं तरी म्हणेल. त्याने विचारलं, "ऋजुता से कुछ बोला आपने?"

मी म्हटलं, नाही.

मग मी ताट उचलून बाहेर आले आणि तो पाटावर जाऊन बसला. त्याला नाही म्हणता आलं नसतं. मी त्या घरात वाण घेऊन येते, यावरच त्याची अब्रू उभी होती.

तू विचारशील, त्यात काही होतं का. नव्हतं. तांदूळ, गूळ, खसखस आणि तूप.

बाकी नंतर लिहीन.

आई


२९ मे २०२६

चि. नचिकेत,

तुझं उत्तर नाही, पण पाकीट परतही आलं नाही. म्हणजे मिळालं असावं.

तेव्हाच का सांगितलं नाही, असं तुझ्या मनात येईल. सांगितलं असतं तर तू पुढच्या विमानाने आला असतास आणि त्याचे हातपाय मोडून तुरुंगात गेला असतास. हे एक कारण. दुसरं असं, की तुला बरं वाटलं असतं. आई गप्प बसली नाही, म्हणून. ते मला नको होतं. त्यात बरं वाटण्यासारखं काही नव्हतं, हे मला ताट हातात घेऊन बाहेर आल्यावर पाचच मिनिटांत कळलं होतं. ते पुढे सांगते.

तीन वर्षं मी दर सणाला राऊला गेले. एरवीही जायचे. बसने जायचं, डबा घेऊन. ऋजुता तिथल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत आहे. कधी ती इकडे यायची, मग आम्ही राजवाड्याला जायचो. बांगड्या घेताना तिचे हात नीट बघायला मिळायचे, म्हणून मला बांगड्यांची दुकानं बरी वाटायची. एकदा ती म्हणाली, "आई, तुम्ही ना मला थानेदारासारखं बघता. काय शोधता हो?" मी म्हटलं, वाळलीस का ते बघते. ती म्हणाली, "वाळते कुठली, तुमचे डबे खाऊन फुगा झालेय."

तुला राग येईल, पण लिहिते. मला तिचा लळा लागला. संहिताच्या जागी नाही. तिची अशी वेगळी.

गॅलरीचं दार सुजय कुलूप लावून ठेवतो. कबुतरं घाण करतात म्हणून, असं त्याने तिला सांगितलं आहे. कपडे ती खोलीतच वाळत घालते.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी तिच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले. कपाटाचा कोपरा लागला म्हणाली. कपाट लागलं तर एक डाग पडतो, बोटांसारखे चार नाही. मी तिला काही विचारलं नाही. घरी येऊन सुजयला फोन केला आणि इतकंच म्हटलं, "रविवारी मी जेवण घेऊन येतेय." मग तो म्हणाला, "जी."

मागच्या पत्रात मी म्हटलं की अनारशांत काही नव्हतं. ते खरं आहे. पण घरात काही नव्हतं, असं मी लिहिलं नव्हतं, हे तुझ्या लक्षात आलं असेल. निवृत्त होताना लॅबमधून एक लहान बाटली मी घरी आणली होती. का आणली, ते विचारू नकोस. तेव्हा निकाल लागून थोडेच दिवस झाले होते आणि मी ती सुजयसाठी आणली नव्हती. त्या शनिवारी मी ती माळ्यावरून काढली आणि ओट्यावर ठेवली. तिच्या शेजारी वांग्याची भाजी केली, गुळाची पोळी केली. मग बाटली परत वर ठेवली आणि डबा भरला.

मला धीर झाला नाही, असं नाही. कारण दुसरं होतं.

मागच्या अधिकात मी बाहेर आले, ताट ठेवलं, ओवाळलं. सुजयने पहिला अनारसा उचलला, दोन तुकडे केले आणि एक ऋजुताच्या तोंडात घातला. मग तिच्याकडे बघत बसला. सगळ्या बायका हसल्या. त्याची आई म्हणाली, "बघा, किती जीव आहे! आमच्या ह्यांनी जन्मात पाणी नाही विचारलं." ऋजुता लाजली, गिळलं आणि "मस्त झालाय आई" म्हणाली. त्यानंतर पुष्कळ वेळाने त्याने आपला तुकडा खाल्ला.

तू पाहिलेला फोटो त्याच वेळचा आहे. नीट बघ. त्याचा हात तिच्या तोंडाशी आहे. आणि मी हसत नाहीये. माझं तोंड उघडं राहिलं आहे.

तेव्हापासून प्रत्येक वेळी तेच. माझ्या हातचं काहीही असलं, की आधी तिला भरवायचं. ती सगळ्यांना सांगते, आमच्याकडे पहिला घास माझा असतो. ती आधी खाणार असली, की मी जे बोलले ते मला करता येणार नाही, हे त्याने त्याच दिवशी ओळखलं. पण मी करणारच नाही, याची त्याला खात्रीही नव्हती. म्हणजे दर सणाला तो तिचा जीव पणाला लावून बघत होता. मी धमकी त्याला दिली होती. ती तीन वर्षं ऋजुताने खाल्ली.

आणि तरी मी डबे नेत राहिले. कारण डबे बंद केले असते तर भीतीही गेली असती. त्या रविवारनंतर डाग दिसला नाही. निदान दिसेल अशा जागी नाही.

अधिक संपायच्या आत वाण न्यायचं आहे. तांदूळ भिजत घातले आहेत.

आई


९ जून २०२६

चि. नचिकेत,

वाण झालं नाही. होणारही नाही.

काल दुपारी ऋजुता स्कूटरवर एकटीच आली. चप्पल न काढता दारातच उभी राहिली. वाणाचा दिवस ठरवायला तिने घरात विषय काढला, तर सुजय नको म्हणाला. का नको, म्हणून ती मागे लागली. शेवटी त्याने सांगितलं. तीन वर्षं पोटात ठेवलं होतं ते, आणि सांगताना रडला म्हणे.

ती म्हणाली, "ते म्हणतात, तुम्ही त्यांना जिवे मारायची धमकी दिलीय. जेवणात घालून. मी म्हटलं, आई? कुछ भी! झूठ आहे ना?"

मी म्हटलं, खरं आहे.

ती तशीच आत येऊन खुर्चीत बसली. "पागल झालात का तुम्ही? मामीला पण मी कधी आई नाही म्हटलं. तुम्हाला म्हणते."

तुला माहीत आहे माझं. जितकं जास्त बोलायला हवं तितकी मी गप्प होते. ती बराच वेळ बोलली. संहिताचा अपघात झाला, तुमच्यावर काय गुदरलं ते मी समजू शकते, पण ज्या माणसाला कोर्टाने निर्दोष म्हटलं त्याला तुम्ही असं छळता, आणि ते बिचारे एक शब्द न बोलता तुमचं ताट रिकामं करतात. असं सगळं. मग उठली. म्हणाली, "मी पोलिसात नाही जात. पण आता येऊ नका. वाण नको, डबा नको, फोन पण नको."

ती पायऱ्या उतरली, स्कूटरला किल्ली लावली. मी दारात उभी होते. ती फाटकाबाहेर गेली असती, तर त्या घरात जायला मला पुन्हा कुठलंच निमित्त उरलं नसतं. आणि त्यालाही ते कळलं असतं. मला हाक मारायची होती.

किल्ली तशीच ठेवून तिने मागे वळून विचारलं, "कधी म्हणालात त्यांना?"

"मागच्या अधिकात. वाणाच्या दिवशी."

"ताट देण्याआधी की नंतर?"

"आधी. स्वयंपाकघरात."

ती तिथेच उभी राहिली. रस्त्यावरून भाजीवाला गेला, त्याने तिला दोनदा विचारलं दीदी क्या चाहिए, तिने बघितलं नाही. मग परत वर आली आणि या वेळी चप्पल काढून आत आली.

"मग पहिला घास त्यांनी मला दिला," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "दिवाळीला पण. संक्रांतीचा तो डबा आणलात, त्यातली पोळी पण."

"हो."

"आणि तुम्ही बघत होतात."

"त्यात काही नव्हतं, ऋजुता."

"ते तुम्हाला माहीत होतं. त्यांना कुठे माहीत होतं?"

मी पाणी आणून दिलं. ते ती प्यायली नाही. पेल्याकडे बघितलं आणि बाजूला ठेवला. मला ते लागलं, पण तिचं बरोबर होतं.

मग तिने संहिताचं सगळं विचारलं. मी सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दहाव्या दिवशी आपल्या घरी येऊन सांगितलं होतं ते. वर भांडण चाललं होतं, संहिता दोनदा ओरडली की सोड, मला गॅलरीत नको नेऊस. आणि कोर्टात त्याच बाई म्हणाल्या की आमच्याकडे टीव्ही चालू होता. संहिताने स्वतः मला कधी काही सांगितलं नाही, तेही सांगितलं. ती माझ्यावर गेली होती. सगळं सांगायला फार वेळ लागला नाही. चहा उकळायला लागतो तेवढाच. तीन वर्षांत तेवढा वेळ मला शेकडो वेळा मिळाला होता.

ऋजुता रडली नाही. तिने विचारलं, "तुम्ही त्यांना सांगितलंत. मला का नाही?"

मी म्हटलं, वकिलांनी सांगितलं होतं की त्याच्याबद्दल कुणाशी बोलू नका, बदनामीचा दावा होईल.

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. बोलल्यावर माझं मलाच ऐकू आलं. दावा होईल म्हणून मी मुलीला सावध केलं नाही, आणि जीव घेईन असं मात्र त्याला तोंडावर सांगितलं. नचिकेत, इतकी वर्षं यात काही विचित्र आहे असं मला वाटलंच नव्हतं.

ती म्हणाली, "मामा तयार नव्हते या स्थळाला. मग त्यांना कळलं, पहिलीची आई स्वतः मांडवात बसणार आहे. म्हणाले, तिलाच काही म्हणायचं नाही, म्हणजे मुलगा चांगलाच असणार. मला पण तसंच वाटलं."

मग तिने मामाला फोन लावला आणि ते येईपर्यंत संहिताच्या खोलीत जाऊन दार लावून बसली. मी बाहेर बसले. तिला जेवायला विचारलं नाही.

आई


१८ जून २०२६

चि. नचिकेत,

अधिक संपला. भिजवलेल्या तांदळाचं पीठ प्रियंकाला देऊन टाकलं. बाटली शाळेत नेऊन लॅबमध्ये परत दिली. तिथला नवा मुलगा म्हणाला, मॅडम, ये तो कब की एक्सपायर हो गई. म्हणजे तेही नव्हतंच.

ऋजुता देवासला मामाकडे आहे. सुजय दोनदा तिथे जाऊन आला. मामाने फाटकातूनच परत पाठवला. त्याने मलाही फोन केला. या वेळी मराठीत बोलला, अगदी शांतपणे. "आईजी, तुम्ही चांगलं नाही केलंत. पण ठीक आहे. मला माणसं कमी नाहीत." घाबरल्याचा काही मागमूस नव्हता. मी फोन ठेवला. माझ्याकडे त्याला घाबरवायला आता काहीच उरलं नाही. त्याची आई सगळीकडे सांगत फिरते आहे, की सुहासिनीने पोरीचे कान भरले. वर्ष-दीड वर्षात तो पुन्हा पाटावर बसेल. आणखी कुणाची तरी साडी सुटेल आणि खोचून द्यायला मी नसेन.

हे मी ऋजुताला फोनवर बोलून दाखवलं. म्हटलं, तिसरी आली तर तिला मी सांगेन. ती म्हणाली, "तुम्ही राहू द्या. तुम्ही डबा घेऊन जाल." ती टोमणा मारत होती की थट्टा करत होती, ते मला कळलं नाही. ती मला आता आई म्हणत नाही. काकूही म्हणत नाही. नुसतं तुम्ही.

काल तिचाच फोन आला. खालच्या मजल्यावरच्या बाई अजून तिथेच राहतात. तीन वर्षं त्यांनी ऋजुताला लोणचं दिलं, कढीपत्ता दिला, आणि कधी तिच्या डोळ्यांत बघितलं नाही. हे तिच्या आता लक्षात आलं. ती म्हणाली, मी रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसणार आहे. सरळ विचारणार, वर काय ऐकलं होतं. मामांनी एका नव्या वकिलाशी बोलून ठेवलं आहे. तो म्हणतो, जुनी केस पुन्हा उघडणं कठीण आहे, पण ऋजुताला स्वतःची तक्रार देता येईल, आणि बाई बोलल्या तर बरंच होईल. नाही बोलल्या तरी निदान त्यांना कुणीतरी विचारलेलं असेल. आपण कधी विचारलं नाही, नचिकेत. कोर्टानंतर आपण त्या बाईंचा नुसता राग केला.

तू ये असं मी म्हणत नाही. तू माझ्याशी बोलत नाहीस ते चुकीचं आहे, असंही आता म्हणत नाही. तू चुकीच्या कारणाने रागावला होतास. आता खरं कारण तुझ्याकडे आहे.

ऋजुताने मलाही रविवारी बोलावलं आहे. मला आश्चर्य वाटलं. मी विचारलं, मी येऊन तिथे काय बोलू?

ती म्हणाली, "जे मला मांडवात सांगायला हवं होतंत ना, ते बोला."

आई